प्रयोगशाळेत वाढविलेली आंत्र-ऊती व ग्रहणीविकारांचा अभ्यास

गेल्या पावसाळ्यात माझे एक स्नेही, जे स्वतः वैद्य असून एक लहानशी फार्मसीही चालवितात, एका नव्या अतिसारहर वटीच्या माहितीपत्रकाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. वटीतील घटक आपल्या सर्वांच्या परिचयाचे होते: कुटज, बिल्व, दाडिमत्वक्, मुस्ता व सुंठ. पाठाबद्दल शंका घेण्यासारखे काही नव्हते. मात्र माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ठळक टाइपात ‘प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी आतड्यावर सिद्ध’ असे शब्द होते, आणि त्याखाली अभिप्राय म्हणून माझे नाव घालण्यास त्यांना माझी संमती हवी होती. ती मी जवळजवळ दिलीच होती. चहा येईपर्यंत चाळावा म्हणून सोबतचा प्रयोगशाळेचा अहवाल हाती घेतला आणि त्यातील निम्मे शब्द आपणांस कळत नाहीत हे ध्यानात आले. जो अहवाल आपणांस वाचता येत नाही त्याच्या आधारे रुग्णाला भरवसा कसा द्यावा? सही पुढे ढकलली आणि वाचनास बसलो.

प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित होय. आंत्रविकारांच्या संशोधनात गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ‘ऑर्गेनॉइड’ हे साधन पुढे आले आहे. त्यासाठी ‘अवयवकल्प’ असा शब्द सुचविता येईल. परंतु ‘कल्प’ हा शब्द आपल्याकडे औषधकल्पासाठी रूढ असल्याने घोटाळा होईल. म्हणून येथे ऑर्गेनॉइड हाच शब्द ठेवला आहे.

अस्तर जिवंत ठेवण्याची अडचण

आतड्याचे विकार प्रयोगशाळेत अभ्यासू पाहणाऱ्यांसमोर एक मूलभूत अडचण दीर्घकाळ होती. रुग्णाच्या आतड्याचा तुकडा काढून पोषक द्रवात ठेवला, तरी त्याचे अस्तर अल्पावधीतच गळून जाते. शरीरात हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते. शरीराबाहेर जुने गळते, पण नवे उगवत नाही. त्यामुळे संशोधकांनी दोन आडवाटा धरल्या.

पहिली वाट प्राण्यांची. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५३ साली सशाच्या आतड्याचा एक वेढा दोन्ही टोकांना बांधून त्यात विसूचिकेचे जंतू सोडण्याची पद्धत वापरली. पुढे १९५९ साली त्यांनी दाखविले की जंतू गाळून काढलेला द्रवही त्या वेढ्यात पाणी साठविण्यास पुरेसा आहे. म्हणजे विसूचिकेतील जलक्षय जंतूंच्या विषामुळे होतो. एका भारतीय चिकित्सकाने अत्यल्प साधनांनी केलेले हे काम आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे अशा योग्यतेचे आहे.

दुसरी वाट कर्करोगाच्या पेशींची. ‘कॅको-२’ नावाच्या पेशी १९७० च्या दशकात ७२ वर्षांच्या एका पुरुषाच्या मोठ्या आतड्यातील अर्बुदापासून मिळविण्यात आल्या. त्या सच्छिद्र पडद्यावर वाढविल्या असता सुमारे २१ दिवसांत लहान आतड्याच्या अस्तरासारखा एकसंध थर तयार होतो. औषध आतड्यातून शोषले जाईल किंवा नाही याचा अंदाज घेण्यास ही पद्धत उपयोगी असून आजही सर्रास वापरली जाते. तथापि त्या पेशी एकाच व्यक्तीच्या, एकाच धाटणीच्या व अर्बुदाच्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

एका पेशीपासून अस्तर

या कोंडीतून मार्ग निघाला तो हॉलंडमधील युट्रेक्ट येथील ह्यूब्रेख्ट संस्थेत. आतड्याच्या अस्तरात रसांकुरांच्या तळाशी सूक्ष्म खळगे असतात. त्यांना गर्तिका म्हणू. प्रत्येक गर्तिकेच्या तळाशी मूलपेशी असतात व तेथूनच अस्तराची नवनिर्मिती होते. प्रा. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर व सहकाऱ्यांनी २००७ साली या मूलपेशी ओळखण्याची ‘एलजीआर-५’ ही खूण शोधून काढली. त्यानंतर २००९ साली त्याच प्रयोगशाळेतील जपानी संशोधक तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील अशी एकच मूलपेशी घेऊन, तिला योग्य आधार व योग्य संदेशद्रव्ये देऊन, तिच्यापासून गर्तिका व अंकुरसदृश भाग असलेली सूक्ष्म आंत्र-ऊती वाढविली. मानवी आतड्याची अशी ऊती त्यांनीच २०११ साली वाढवून दाखविली.

कृती समजण्यास फार अवघड नाही. दुर्बिणीने तपासणी करताना रुग्णाच्या आतड्यातून किंवा गुदाशयातून काही मिलिमीटरचे तुकडे घेतात. कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या द्रावणात ते ठेवून हलविले की गर्तिका सुट्या होतात. त्या ‘मॅट्रिजेल’ नावाच्या लगद्यात मिसळतात. हा लगदा थंड असताना पातळ असतो व शरीराइतक्या उष्णतेला घट्ट होतो. थेंब पात्रात सोडला की घुमटासारखा बसतो. त्यावर पोषक द्रव घालतात. पेशींना ‘वाढा’ व ‘मूळ अवस्थेत राहा’ असे सांगणारी प्रथिने या द्रवात असतात. काही दिवसांत वाळूच्या कणाएवढे पोकळ गोळे दिसू लागतात. ते फोडून पुन्हा लावता येतात, गोठवून ठेवता येतात व वर्षभराहूनही अधिक काळ चालू ठेवता येतात. ज्या रुग्णाचा तुकडा, त्याच रुग्णाचे हे अस्तर असते. त्याच्या जन्मजात दोषांसह.

याखेरीज दुसरी एक रीत आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे जेसन स्पेन्स व जेम्स वेल्स यांनी २०११ साली सर्वक्षम मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांपासून शरीरातील कोणतीही ऊती होऊ शकते अशा पेशींपासून, गर्भातील वाढीचे टप्पे गिरवीत आतडे घडविले. त्यात अस्तराभोवतीची आधार-ऊतीही येते, परंतु ते गर्भावस्थेतील आतड्यासारखे अपक्व राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने पहिली रीत अधिक महत्त्वाची असल्याने पुढील विवेचन तिच्याच अनुषंगाने केले आहे.

हे वाचताना सुश्रुतोक्त कलांची आठवण होणे स्वाभाविक आहे. सहावी पित्तधरा कला व तिलाच दिलेली ग्रहणी ही संज्ञा आपण सर्वजण शिकलो आहोत. ऑर्गेनॉइडमध्ये जे वाढते ते आतडे नव्हे, केवळ कला वाढते, असे म्हटल्यास वैद्याला या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही चटकन समजतील. ‘हे सर्व आपल्याकडे होतेच’ असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. सुश्रुताचार्यांनी मूलपेशी पाहिली नव्हती आणि क्लेव्हर्स यांनी कलाशारीर वाचलेले नसावे.

मुलुंडचे मूळ, युट्रेक्टची चाचणी

या साधनाचा रुग्णाच्या चिकित्सेत झालेला पहिला ठळक उपयोग आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण त्याच्या मुळाशी एक भारतीय वनस्पती व मुंबईतील एक प्रयोगशाळा आहे.

कोलियस फोर्स्कोली ही तुळशीच्या कुळातील वनस्पती. हिंदी भाषक तिला पत्थरचूर म्हणतात, तर गुजरातेत गरमर म्हणून तिच्या मुळांचे लोणचे घालतात. आपल्याकडे पाषाणभेदाच्या नावाखाली ज्या अनेक वनस्पती बाजारात येतात त्यांत हिचाही समावेश होत आला आहे. संदिग्ध द्रव्यांच्या त्या जुन्या वादात येथे शिरत नाही. मुंबईत मुलुंड येथे हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे भारतीय वनस्पतींच्या छाननीत या मुळाचा अर्क रक्तदाब उतरविणारा आढळला. सुजाता भट, नोएल डिसूझा व सहकाऱ्यांनी त्यातील ‘फोर्स्कोलिन’ हे द्रव्य वेगळे करून १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच सुमारास या वनस्पतीवर काम चालू होते. पुढे १९८१ साली अमेरिकेत असे दिसून आले की फोर्स्कोलिन पेशीतील एका विकराला थेट चालना देते व त्यामुळे ‘चक्रीय एएमपी’ या संदेशद्रव्याचे प्रमाण वाढते.

आता आतड्याकडे येऊ. अस्तराच्या पेशींवर ‘सीएफटीआर’ नावाचे एक दार आहे. पेशीत चक्रीय एएमपी वाढले की हे दार उघडते, क्लोराइड बाहेर जाते व त्यामागोमाग पाणी जाते. विसूचिकेचे विष हेच दार सतत उघडे ठेवते, डॉ. डे यांच्या सशाच्या वेढ्यात साठलेले पाणी ते हेच. उलट, ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक विकारात हे दार जन्मतःच सदोष असते. त्यामुळे फुप्फुसांत चिकट कफ साठतो, अग्न्याशयाच्या नलिका तुंबतात, आणि काही नवजात बालकांत पहिला मल इतका घट्ट असतो की आतड्यात अवरोध होतो.

युट्रेक्टच्या संशोधकांनी २०१३ साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. ऑर्गेनॉइड हा बंद पोकळ गोळा आहे. त्यावर फोर्स्कोलिन घातले की निरोगी व्यक्तीच्या गोळ्यातील दारे उघडतात, आत पाणी शिरते व गोळा तासाभरात डोळ्यांदेखत फुगतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचा गोळा फुगत नाही किंवा जेमतेम फुगतो. मग त्यावर उपलब्ध औषध घालून पाहावयाचे. फुगला, तर त्या रुग्णाला त्या औषधाचा उपयोग होण्याचा संभव आहे. या विकाराची काही उत्परिवर्तने इतकी दुर्मिळ आहेत की त्या रुग्णांवर रीतसर चिकित्सा-चाचणी घेणे अशक्यच असते. जगात तेवढे रुग्णच नसतात. अशा रुग्णांच्या गुदाशयातील ऊती वाढवून, तिच्या प्रतिसादावरून औषध ठरविल्याचे व ते लागू पडल्याचे हॉलंडमधील वृत्त २०१६ साली प्रसिद्ध झाले.

मुलुंडला मिळालेले द्रव्य येथे औषध म्हणून वापरलेले नाही, हे लक्षात घ्यावे. ते प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून वापरले आहे. वनस्पतिज द्रव्याचे मोल केवळ रोग बरा करण्यातच असते असे नाही, हे आपल्या फार्मसीचालकांनी जरूर मनात ठेवावे.

स्तंभन म्हणजे नेमके काय?

सीएफटीआर उघडणारे जसे एक वनस्पतिज द्रव्य आहे तसे ते मिटविणारेही आहे. दक्षिण अमेरिकेतील क्रोटॉन लेक्लेरी या वृक्षाचा लाल चीक तेथील लोक अतिसारावर वापरीत आले आहेत. त्यापासून काढलेल्या ‘क्रोफेलेमर’ या औषधास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३१ डिसेंबर २०१२ रोजी मान्यता दिली. तीही सरसकट अतिसारासाठी नव्हे, तर एचआयव्हीवरील औषधे घेणाऱ्या प्रौढांना होणाऱ्या, संसर्गजन्य नसलेल्या अतिसारासाठी. हे द्रव्य कषायरसात्मक टॅनिनांच्या जातीचे, मोठ्या रेणूचे आहे. रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, अस्तराच्या आतल्या बाजूनेच सीएफटीआर व आणखी एक क्लोराइडचे दार अडविते.

कषाय रस स्तंभन करतो हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. परंतु कुटजत्वक्, दाडिमत्वक्, बिल्वमज्जा व दारुहरिद्रा ही चारही द्रव्ये एकाच मार्गाने स्तंभन करतात काय? कुटजातील कोनेसिन हे अल्कलॉइड अमीबावर कार्य करते. दारुहरिद्रेतील बर्बेरिनची रुग्णांवरील चाचणी बांगलादेशात होऊन १९८७ साली प्रसिद्ध झाली, ई. कोलाय जंतूंच्या विषामुळे झालेल्या अतिसारात मलाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, विसूचिकेत मात्र लाभ किरकोळ होता. म्हणजे ‘अतिसारहर’ या एका शब्दाखाली जंतुनाशन, दार मिटविणे, अस्तर सांधणे, गती मंद करणे अशा भिन्न क्रिया दडलेल्या असू शकतात. त्यांतील दार मिटविण्याचा व अस्तर सांधण्याचा प्रश्न ऑर्गेनॉइडला विचारता येतो. फोर्स्कोलिनने गोळा फुगवावा व तत्पूर्वी दिलेल्या क्वाथाने तो फुगणे थांबते काय ते पाहावे, इतकी ही कल्पना सरळ आहे. माझ्या मते, आपल्या शास्त्राला या साधनाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग ‘आमचे औषध सिद्ध झाले’ असे म्हणण्यासाठी नाही, तर आपल्या द्रव्यांमधील भेद ओळखण्यासाठी आहे.

इतर विकारांतील उपयोग

वांती व अतिसार घडविणारा नोरोव्हायरस १९७२ साली ओळखला गेला, पण तो प्रयोगशाळेत वाढविणे दशकानुदशके कोणाला साधले नाही. ह्यूस्टन येथील मेरी एस्टिस व सहकाऱ्यांनी २०१६ साली तो मानवी आंत्र-ऑर्गेनॉइडवर वाढविला. त्यात दोन गोष्टी वैद्याचे लक्ष वेधून घेतील. विषाणूच्या काही जातींना वाढण्यासाठी पित्तरसाची आवश्यकता होती. तो घातल्यावाचून वाढ होईना. आणि सर्वांच्या ऑर्गेनॉइडला लागण होत नव्हती. रक्तगटाशी संबंधित शर्करा अस्तरावर आणणारे एक जनुक ज्यांच्यात निष्क्रिय असते, त्यांच्या अस्तरावर काही जाती रुजतच नाहीत. एकाच पंगतीत जेवलेल्यांपैकी चौघे आजारी पडतात व पाचवा ठणठणीत राहतो, त्यामागील निदान एक कारण येथे हाती लागले. यास प्रकृतिभेदाचा पुरावा म्हणण्याची घाई कोणी करू नये. तो एका जनुकाचा भेद आहे.

व्रणयुक्त बृहदांत्रशोथ, ज्याला आपण ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या नावानेच ओळखतो, त्यावर जपानमध्ये मोठे काम झाले. दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या अस्तरात, दाहाच्या विशिष्ट संदेशमार्गातील जनुके बदललेल्या पेशींचे पट्टे पसरलेले असतात असे २०२० साली दिसून आले. सतत दाहात होरपळणाऱ्या अस्तरात जी पेशी दाहाचा संदेश ऐकेनाशी होते ती टिकते व पसरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. जीर्ण रुग्णाचे अस्तर लक्षणे शमल्यावरही पूर्ववत झालेले नसते, हा आपला चिकित्सानुभव या संदर्भात आठवतो. याच देशात, टोकियो वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यापीठात, २०२२ साली अशा एका रुग्णाच्याच निरोगी भागातून ऑर्गेनॉइड वाढवून त्याच्या व्रणावर त्यांचे रोपण करण्यात आले. मानवातील हा पहिलाच प्रयत्न होता; त्यावरून रूढ चिकित्सा ठरविण्याइतके अनुभव अद्याप जमलेले नाहीत. असे रुग्ण आपल्याकडेही येतात आणि ‘कोणते औषध माझ्या आतड्याला लागू पडेल ते आधी तपासता येईल काय?’ असे विचारतात. आज त्यांना ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. अंगावर स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाने अशा बातम्या वाचून ते परस्पर बंद करू नये, हेही त्याच वेळी बजावावे.

कर्करोगाबाबत लंडनमधील संशोधकांचे २०१८ सालचे काम बरेच उद्धृत होते. ज्या औषधाला ऑर्गेनॉइडने दाद दिली नाही त्याला त्या रुग्णांनीही दिली नाही, असे १०० टक्के वेळा आढळले; जेथे दाद दिली तेथे ८८ टक्के वेळा रुग्णांतही गुण दिसला. रुग्णसंख्या लहान होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक विकारात दोष रोगप्रतिकारक पेशींचा असल्याने नुसते अस्तर पुरत नाही. म्हणून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुग्णाच्या ग्रहणीतील प्रतिकारक पेशींसह ऊती वाढविण्यात आली, व २०२४ साली तिच्यात ग्लूटेनमुळे अस्तराची हानी घडताना प्रत्यक्ष पाहता आली.

यात काय नाही

येथवर वाचून हे साधन सर्वसमर्थ वाटण्याचा संभव आहे, म्हणून उणिवा स्पष्टपणे मांडतो. नेहमीच्या ऑर्गेनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नाहीत, नाड्या नाहीत, स्नायू नाहीत, प्रतिकारक पेशी नाहीत व आतड्यातील जंतुसृष्टी नाही. आपल्या भाषेत, त्यात गती नाही. म्हणजे वातच नाही. वातज ग्रहणी, आनाह किंवा मनःक्षोभाने उसळणारा अतिसार यांविषयी हा गोळा काही सांगू शकत नाही. नाड्या जोडण्याचे व सूक्ष्म नलिकांतून प्रवाह व हालचाल देण्याचे प्रयोग झाले आहेत, परंतु ते महागडे व मोजक्याच ठिकाणी होतात.

जंतुसृष्टीचा अभाव आपणांस विशेष नडणारा आहे. सोनामुखीचे उदाहरण घ्या. तिच्यातील सेनोसाइड स्वतः रेचन करीत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे रूपांतर करतात, तेव्हा रेचक द्रव्य तयार होते. निर्जंतुक ऑर्गेनॉइडवर सोनामुखीचा अर्क घातला तर ‘परिणाम नाही’ असा अहवाल येणे शक्य आहे. ज्या द्रव्याचा प्रत्यय घराघरांतील आजीबाईंना आहे ते येथे नापास होईल! डाळिंबाच्या सालीतील टॅनिनांचेही जंतूंकडून रूपांतर होते, व तेही प्रत्येक व्यक्तीत सारखे होत नाही.

याहून सूक्ष्म, पण अहवाल वाचताना निर्णायक ठरणारी बाब म्हणजे बाजू. गोळ्याची आतली पोकळी म्हणजे आतड्याची पोकळी. जेथे अन्न व मुखावाटे घेतलेले औषध पोहोचते ती बाजू आत बंदिस्त असते. पात्रातील द्रवात औषध घातले तर ते अस्तराच्या पाठीला, म्हणजे रक्ताच्या बाजूला, लागते. क्रोफेलेमरसारखे न शोषले जाणारे द्रव्य पाठीला लावून पाहण्यात काय हशील? यावर उपाय आहेत: बारीक सुईने पोकळीत औषध सोडणे, गोळे फोडून सच्छिद्र पडद्यावर सपाट थर वाढविणे, किंवा २०१९ साली स्टॅनफर्ड येथेच दाखविल्याप्रमाणे गोळा उलटा करून आतली बाजू बाहेर आणणे. परंतु यांपैकी काय केले, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

आणखी एक. मॅट्रिजेल हा लगदा उंदराच्या अर्बुदापासून काढतात. ‘प्राणिहिंसेविना चाचणी’ असे जे सांगितले जाते ते त्यामुळे अर्धेच खरे आहे.

औषध चाचणीस देण्यापूर्वी

भारतात नवीन औषधे व चिकित्सा-चाचणी नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी ऑर्गेनॉइडसारख्या पद्धतींचा आधार घेण्यास मुभा मिळाली. अमेरिकेत तसा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. त्यामुळे अशा चाचण्यांची जाहिरात करणारे आपल्या फार्मसींकडेही येणार. तेव्हा प्रथम विचारावे की चाचणीस जाणारा नमुना कोणता? आपण विकतो ती वटी, की एकाच घटकाचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क? रुग्ण मिथेनॉल-अर्क घेत नाही. वटी असेल तर ती आधी कृत्रिम लाळ, जठररस व आंत्ररस यांतून नेली आहे काय? यासाठी अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन २०१४ साली प्रसिद्ध केलेली पद्धती उपलब्ध आहे. आसवारिष्टांत स्वयंनिर्मित मद्य असते. तेवढेच मद्य नुसते घालून तुलना केली नसेल तर पेशी कुटजारिष्टाने मेल्या की मद्याने, हे सांगता येणार नाही. कषाय द्रव्यांतील टॅनिन प्रथिनांना चिकटते, आणि पोषक द्रवातील संदेशद्रव्ये ही प्रथिनेच आहेत. ती निकामी झाल्याने वाढ खुंटली तरी अहवालात ‘पेशींची वाढ रोखली’ असे येईल व कोणी उत्साही लेखक त्याचे ‘कर्करोगावर प्रभावी’ असे भाषांतर करील. क्वाथांचा गडद रंग रंगमापनाच्या चाचण्यांत ढवळाढवळ करतो, तेही पाहावे. मात्रेचा प्रश्न तर जुनाच आहे: प्रत्यक्ष आतड्यात कधीही पोहोचणार नाही इतक्या तीव्रतेला मिळालेला परिणाम वाचून हुरळून जाऊ नये. ऑर्गेनॉइड किती व्यक्तींच्या ऊतीपासून केले, त्या निरोगी होत्या की रुग्ण, व त्यांची संमती घेतली होती काय, याचे उत्तर देऊ न शकणारी प्रयोगशाळा टाळावी. पर्पटीकल्पांबाबत मात्र मी अधिक सावध आहे. त्यांचे कण द्रवात विरघळत नाहीत, तळाशी बसतात, आणि पेशींना नेमके काय लागले हे ठरविणे अत्यंत कठीण होते.

आता त्या माहितीपत्रकाकडे वळतो. अहवाल समजू लागल्यावर असे दिसले की चाचणी ऑर्गेनॉइडवर झालीच नव्हती. ती कॅको-२ पेशींवर झाली होती. नमुना वटीचा नव्हता, केवळ कुटजत्वचेच्या मिथेनॉल-अर्काचा होता. आणि निष्कर्ष इतकाच होता की दिलेल्या तीव्रतेपर्यंत २४ तासांत पेशी मेल्या नाहीत. सोबतच्या पत्रात प्रयोगशाळेने ‘मानवी आंत्र-प्रतिरूप’ असा शब्द वापरला होता. स्नेह्यांनी त्याचे सद्भावनेने ‘मानवी आतडे’ केले, आणि जाहिरात लिहिणाऱ्याने पुढे ‘सिद्ध’ हा शब्द जोडला. खोटे कोणीच जाणूनबुजून बोलले नव्हते.

ती ओळ त्यांनी काढून टाकली. तिच्या जागी घटक, मात्रा, अनुपान व पथ्य आले, आणि मलात रक्त, ज्वर, वजन घटणे किंवा बालकास अतिसार असल्यास वटीवर विसंबून न राहता त्वरित तपासणी करून घ्यावी, ही सूचना आली. माझे नाव घातले नाही. ऑर्गेनॉइडची सोय असलेल्या एका संस्थेला त्यांनी नंतर पत्र लिहिले. उत्तरात संस्थेने प्रथम पाण्यात केलेल्या क्वाथाचे तीन वेगवेगळ्या घाण्यांचे नमुने व प्रत्येकाचा घटक-आलेख मागविला आहे. कुटजाची साल यंदा दोन ठिकाणांहून आलेली असल्याने तिसरा नमुना नव्या मालाचा द्यावा असे ठरले, व तो माल येण्याची सध्या ते वाट पाहत आहेत.